मालाची मांडणी : विक्रीची पहिली पायरी

(ग्राहक सहकारी भांडारांचे विक्रेते व व्यवस्थापक आणि महिला बचत गटांच्या विक्री केंद्रांच्या कार्यकर्त्या यांच्या प्रशिक्षण वर्गात एका निवृत्त भांडार-व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



आपल्या या वर्गात हिशेब कसे ठेवावेत, घाऊक खरेदी कशी करावी, साठ्याची नोंदवही कशी लिहावी या विषयांवर जाणकारांची व्याख्याने झाली. त्यामानाने माझ्याकडे आलेला विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. मालाची मांडणी ही काय शिकण्याची गोष्ट आहे, असे आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आले असेल. उमेदवारीच्या काळात मलाही तसेच वाटत असे. दुकानात फळ्या असतात, फळ्यांवर माल असतो, गिऱ्हाईक मागेल ती वस्तू काढून द्यावयाची. याहून अधिक विचार कशाला करावयाचा? तथापि आयुष्याची तीसहून अधिक वर्षे गल्ल्याच्या आणि फळ्यांच्या सहवासात घालविल्यानंतर माझे मत पालटले आहे. चांगला माल, वाजवी भाव आणि प्रामाणिक माप या तिन्ही गोष्टी असूनही काही विक्री केंद्रे डबघाईस आलेली मी पाहिली आहेत. त्यांचा माल ग्राहकाच्या दृष्टीस, हातास आणि समजुतीस पोचत नव्हता, हे त्याचे एक मोठे कारण होते. आज मी बोलणार आहे ते याविषयीच.

एका विक्री केंद्राची कथा

प्रथम एक प्रत्यक्ष पाहिलेली हकीगत सांगतो. तालुक्याच्या एका गावी, एस. टी. स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, महिला बचत गटाचे एक विक्री केंद्र होते. दहा फूट रुंद आणि बारा फूट खोल अशी ती खोली. पापड, कुरडया, गोडा मसाला, आंब्याचे लोणचे, नाचणीचे सत्त्व आणि हातशिलाईच्या गोधड्या असा तेथील माल. मसाला इतका सुवासिक की तो एकदा नेलेले घर दुसरा मसाला घेणार नाही. असे असूनही दिवसाची विक्री चहापाण्याच्या खर्चापुरतीही होत नसे. गटाने बँकेचे कर्ज काढले होते. मालाच्या विक्रीतून हप्ता भरावयाचा, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात काही भगिनी शेतमजुरीच्या पैशांतून हप्ता भरीत होत्या. केंद्र चालू ठेवावे की बंद करावे, याचा निर्णय सभेत व्हावयाचा होता. तत्पूर्वी कोणी तरी बाहेरच्या माणसाने येऊन पाहावे, म्हणून त्यांनी मला बोलाविले.

मी खोलीत जाण्याआधी रस्त्याच्या पलीकडे तासभर उभा राहिलो. स्थानकाकडे जाणारी-येणारी माणसे आत डोकावत आणि पुढे जात. दारासमोर आडवे टेबल. टेबलावर तीन जाडजूड नोंदवह्या. त्यामागे गंभीर चेहऱ्याने बसलेल्या एक बाई. त्यांच्या पाठीशी कुलूप घातलेले लोखंडी कपाट. वर पाटीवर गटाचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि गावाचे नाव. येथे काय मिळते, याचा उल्लेख कोठेच नाही. एवढ्यात एक वृद्ध गृहस्थ आत गेले आणि त्यांनी विचारले, “बाई, निराधार योजनेचे अर्ज येथेच घेतात का?”

भगिनींनो, त्या केंद्राच्या साऱ्या दुखण्याचे निदान त्या गृहस्थांच्या एका प्रश्नात होते. गटाने दुकान थाटले होते, पण लोकांना ते कार्यालय वाटत होते. पुढे काय झाले ते मी शेवटी सांगेन. आधी हे असे का होते, याचा विचार करू.

ग्राहक आणि माल यांमधील अंतर

आपल्याकडील जुन्या किराणा दुकानाची रचना आठवा. शेठजी गादीवर बसलेले, त्यांच्या भोवती पोती, डबे आणि बरण्या, समोर तागडी. ग्राहक ओट्याशी उभा. माल दिसो वा न दिसो, दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा असल्यामुळे त्याला काय हवे ते ठाऊक असे. ती रचना त्या काळी सोयीची होती. परंतु तीत माल आणि ग्राहक यांमध्ये नेहमी एक माणूस उभा असे. काय आहे, केवढ्याला आहे, हे त्या माणसाला विचारल्यावाचून कळत नसे.

हे अंतर दूर करण्याचा एक गाजलेला प्रयोग अमेरिकेत झाला. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी १९१६ साली क्लॅरेन्स साँडर्स या व्यापाऱ्याने ‘पिगली विगली’ नावाचे किराणा दुकान उघडले. त्यात ग्राहकाने टोपली घेऊन आत यावे, फळ्यांमधून फिरावे, किंमत वाचावी, हवी ती वस्तू आपल्या हाताने उचलावी आणि बाहेर पडताना पैसे द्यावेत, अशी व्यवस्था होती. तोवर यादी देऊन नोकराकडून माल काढून घेण्याचीच पद्धत रूढ होती. या स्वयंसेवा पद्धतीने एक गोष्ट घडवून आणली. नोकराच्या तोंडून होणारे काम आता मांडणीला करावे लागले. ‘बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते,’ असे आपल्याकडे म्हणतात. माल स्वतः बोलत नाही. त्याच्या वतीने मांडणीने बोलावयाचे असते.

सहकारी चळवळीशी या विषयाचे नाते जुने आहे. इंग्लंडमधील रॉचडेल गावी २८ सभासदांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी आपले दुकान उघडले, तेव्हा त्यांच्याजवळ लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. शुद्ध माल आणि खरे माप हे त्यांचे भांडवल. आपल्याकडे मुंबईतील नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेली ग्राहक संस्था पुढे ‘अपना बाजार’ या नावाने घरोघरी माहीत झाली. १९६२ साली केंद्र शासनाने ग्राहक भांडारांसाठी योजना आखली आणि १९६६ साली दिल्लीत ‘सुपर बझार’ उभा राहिला. भाववाढीच्या त्या काळात या भांडारांनी सामान्य माणसाला मोठा आधार दिला. तथापि आपल्यातील काही भांडारांची एक सवय मात्र गेली नाही. माल टंचाईचा होता तेव्हा तो कसाही ठेवला तरी रांग लागत असे. टंचाई संपली, शेजारी झगमगीत दुकाने आली, भ्रमणध्वनीवरून घरपोच माल मिळू लागला. पण आमच्या फळ्या मात्र रांगेच्या दिवसांतल्याच राहिल्या.

मंडईतील शिक्षिका

मांडणीचे शास्त्र परदेशातूनच शिकावे लागते, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या कोणत्याही मंडईत सकाळी जाऊन भाजीवालीसमोर दहा मिनिटे उभे राहावे. ती मेथीच्या जुड्या पाने बाहेर आणि देठ आत अशा रचते. त्यांवर मधून मधून पाणी शिंपडते. लाल टोमॅटोंच्या शेजारी हिरवी मिरची ठेवते, म्हणजे दोन्ही उठून दिसतात. कोथिंबीर, आले, मिरची आणि लिंबू ही एकत्र लागणारी मंडळी एकमेकांना लागून बसविते. बटाट्यांचा ढीग खाली आणि नाजूक पालेभाजी वर. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लिंबांचे, मिरच्यांचे ती ‘वाटे’ लावते.

हा वाटा म्हणजे काय, याचा विचार आपण कधी केला आहे काय? वाटा पाहताच किती मिळणार हे डोळ्यांना दिसते आणि सर्व वाटे एकाच किमतीचे असल्याने केवढ्याला मिळणार हे एकदाच ऐकले तरी पुरते. ज्याच्या खिशात थोडेच पैसे आहेत त्यालाही तराजू धरावयास न लावता, भीड न पडता एक वाटा उचलता येतो. प्रमाण दिसावे, किंमत कळावी आणि हात पोचावा, ही मांडणीची तीन तत्त्वे त्या माउलीने कोणत्याही वर्गात न बसता आत्मसात केली आहेत.

यांतील भिडेची गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. कामगार वस्तीतील आमच्या भांडारात एक वयस्क बाई काचेच्या कपाटासमोर उभ्या राहत आणि काही न घेता परत जात. एके दिवशी त्यांनी शेजारणीच्या मुलाला पाठवून कपाटातल्या लहान स्टोव्हची किंमत विचारून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पैसे मोजून तो नेला. किंमत आपल्या आवाक्याबाहेर निघाली तर चारचौघांत ‘नको’ म्हणावे लागेल, या संकोचापायी त्या स्वतः विचारीत नव्हत्या. किमतीची एक चिठ्ठी कपाटात असती, तर त्यांचे हेलपाटे वाचले असते. त्यांच्यासारखे आणखी किती जण विचारल्यावाचून निघून गेले, याची नोंद कोणत्या वहीत होणार? सहकारी भांडार हे सभासदांच्या मालकीचे. मालकानेच आपल्या दुकानात भीत भीत उभे राहावे, हे आपल्याला शोभणारे नाही.

मांडणीचे काही नियम

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. लक्ष मात्र लागते.

पहिली गोष्ट दाराची. दार आणि दर्शनी भाग मोकळा असावा. पोती, रिकामी खोकी, तेलाचे डबे दारात रचून ठेवू नयेत. उन्हातून आत आलेल्या माणसाच्या डोळ्यांना सरावण्यास थोडा वेळ लागतो. म्हणून पहिल्या दोन पावलांत बारीकसारीक वस्तू ठेवण्यात अर्थ नसतो. तेथे एकच ठळक, हंगामी वस्तू असावी. आतील वाट किमान तीन-साडेतीन फूट रुंद असावी. हातात पिशवी घेतलेल्या दोन स्त्रिया एकमेकींना धक्का न लागता जाऊ शकत नसतील, तर त्यांपैकी एक फळीसमोर थांबणारच नाही. जेथे थांबता येत नाही, तेथे पाहता येत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. जमिनीपासून सुमारे अडीच फुटांपासून पाच फुटांपर्यंतचा पट्टा हा दुकानातील सर्वांत मोलाचा भाग होय. तेथे नजर सहज जाते आणि हातही सहज पोचतो. ज्या मालाची विक्री वाढवावयाची आहे, तो या पट्ट्यात हवा. आपल्या कित्येक भांडारांत याच जागी जुन्या पावतीपुस्तकांचा गठ्ठा, देवाची तसबीर आणि गेल्या वर्षीची दिनदर्शिका असते. तसबीर अवश्य असावी, पण ती फळीवर जागा न अडविता भिंतीवर लावावी. जड वस्तू, म्हणजे पिठाच्या पिशव्या आणि तेलाचे डबे, खाली ठेवावेत. वरून काढताना ते अंगावर येण्याची भीती असते. काचेच्या बरण्या अगदी खालच्या फळीवर ठेवू नयेत. तेथे लहान मुलांचे हात आणि मोठ्यांचे पाय दोन्ही लागतात.

तिसरी गोष्ट सोबतीची. आपण माल बहुधा आपल्या नोंदवहीच्या क्रमाने लावतो. ग्राहक मात्र तो आपल्या स्वयंपाकघराच्या क्रमाने शोधतो. पोह्यांजवळ शेंगदाणे असावेत. शेवयांजवळ वेलदोडे आणि चारोळी असावी. कपडे धुण्याच्या साबणाशेजारी ब्रश आणि दोरी असावी. मात्र साबण आणि चहा, अगरबत्ती आणि पीठ यांना शेजारी बसवू नये. वास लागून माल बिघडतो. सणांचे वेळापत्रक तर आपल्या हाताशीच आहे. संक्रांतीपूर्वी तीळ, गूळ आणि हलवा. जूनमध्ये वह्या, दप्तरे आणि छत्र्या. श्रावणात साबुदाणा, वरी आणि राजगिरा. दिवाळीच्या आधी भाजणीचे साहित्य, उटणे आणि पणत्या. या वस्तू एकत्र, दर्शनी आणि वेळेच्या आधी पंधरा दिवस मांडाव्यात. सण गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या हलवाव्यात. फेब्रुवारीत दर्शनी भागात ठेवलेला हलवा ग्राहकाला एवढेच सांगतो की या दुकानात कोणाचे लक्ष नाही.

चौथी गोष्ट भरलेपणाची. अर्धी रिकामी फळी पाहून ‘हा उरलेला माल दिसतो’ असे ग्राहकाला वाटते. माल थोडा असला, तर तो मागे विखुरलेला न ठेवता फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढून घ्यावा. मात्र येथे अतिरेकही नको. माझ्याच फजितीची गोष्ट सांगतो. मी नवखा असताना दिवाळीसाठी साबणाच्या वड्यांचा एक उंच मनोरा रचला. अर्धा दिवस त्यात गेला. येणारा प्रत्येक जण त्याचे कौतुक करी, पण वडी कोणी उचलीना. सायंकाळी एका पोराने खालची वडी ओढली आणि सारा मनोरा कोसळला. गर्दीच्या वेळी पुन्हा रचण्यास सवड नव्हती, म्हणून मी त्या वड्या एका टोपल्यात भरून ठेवल्या. दुकान बंद होईतो टोपले जवळजवळ रिकामे झाले होते! मनोरा पाहण्यासाठी होता, टोपले घेण्यासाठी होते. तेव्हापासून कितीही नेटकी रास लावली, तरी तिच्यातील एक-दोन नग मी मुद्दाम काढून ठेवीत असे, म्हणजे पुढच्या माणसाचा हात अवघडत नाही.

पाचवी गोष्ट स्पर्शाची. ‘मालास हात लावू नये’ ही पाटी मीही एके काळी लावली होती. ती माझी चूक होती. गोधडी, सतरंजी, खादीचे कापड, सोलापुरी चादर या वस्तू घड्या घालून कपाटात ठेवल्या, तर त्यांचे निम्मे गुण झाकलेच राहतात. प्रत्येक प्रकारातील एक नग नमुना म्हणून उलगडून टांगावा आणि तो खुशाल हाताळू द्यावा. बाकीच्या घड्या खाली नीट रचून ठेवाव्यात. एक नमुना मळेल, पण त्याच्या मागे दहा विकले जातील.

सहावी गोष्ट प्रकाशाची. दिवा ग्राहकाच्या पाठीशी असेल, तर त्याचीच सावली मालावर पडते. प्रकाश मालावर पडावा, डोळ्यांत येऊ नये. परंतु ऊन ही वेगळी बाब आहे. थेट उन्हात ठेवलेल्या तेलाला खवट वास येतो, मसाल्याचा रंग आणि सुगंध उडतो, कापड विटते. दर्शनी काचेत ठेवलेला माल यास्तव वरचेवर बदलावा.

सातवी गोष्ट क्रमाची. जो माल आधी आला, तो आधी गेला पाहिजे. नवा माल मागे आणि जुना पुढे. घाईच्या वेळी विक्रेता नेमके उलटे करतो; नवी पाकिटे जुन्यांच्या पुढे लोटतो. मग मागे राहिलेली पाकिटे एके दिवशी मुदत संपलेल्या अवस्थेत सापडतात. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, प्रत्येक फळी हाताने तपासावी. पावसाळ्यात धान्याची पोती थेट जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून थोडी सुटी ठेवावीत.

फिरणारा पैसा

या साऱ्याचा हिशेबाशी काय संबंध, असे कोणी विचारील. समजा, एका फळीवर १,००० रुपयांचा माल मावतो आणि त्यावर शेकडा १० रुपये सुटतात. हा माल दर महिन्याला विकला जाऊन फळी पुन्हा भरली गेली, तर वर्षात १२ वेळा मिळून १,२०० रुपये सुटतील. तोच माल चार महिन्यांनी एकदा हलला, तर वर्षाकाठी केवळ ३०० रुपये. जागा तीच, भाडे तेच, गुंतविलेली रक्कम तीच, भावही तोच. भाव न वाढविता भांडाराचे उत्पन्न वाढविण्याचा हा राजमार्ग आहे. खासगी व्यापाऱ्याला तो ठाऊक असतो. सभासदांना स्वस्त माल देण्याची प्रतिज्ञा केलेल्या आपल्यासारख्यांना तर तो अधिक ठाऊक असावयास हवा.

कोणती फळी किती फिरते, हे मात्र अंदाजाने सांगू नये. एक साधी वही करावी. एखाद्या वस्तूचे किती नग चार आठवड्यांत गेले, ते लिहावे. मग त्या वस्तूची जागा बदलावी आणि पुढील चार आठवड्यांचे नग मोजावेत. एका वेळी एकच बदल करावा. दहा बदल एकदम केल्यास कशामुळे काय झाले ते कळत नाही. मधे सण किंवा पगाराचा आठवडा आला असेल, तर तेही टिपून ठेवावे. वर्षभर अशी वही ठेवणाऱ्या विक्रेत्याला आपल्या गावच्या ग्राहकाविषयी जे कळेल, ते माझ्यासारख्याच्या भाषणातून कळणार नाही.

मांडणी आणि प्रामाणिकपणा

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. मांडणी ही दुधारी आहे. वर टपोरी फळे आणि खाली डागाळलेली, हीही एक मांडणीच असते. किंमत आधी वाढवून मग ‘सवलत’ म्हणून पाटी लावणे, लहान मुलांच्या डोळ्यांसमोर गोळ्या-चॉकलेटे टांगून आईला हट्टाच्या तोंडी देणे, नेहमी लागणारी साखर मुद्दाम सर्वांत आत ठेवून म्हाताऱ्या माणसांना चालावयास लावणे, या युक्त्या बाजारात चालतात. त्यांनी विक्री वाढत नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु भांडाराचा ग्राहक हा एका दिवसाचा नसतो. आज ज्याला आपण नको ती वस्तू गळ्यात मारली, तो उद्या हवी ती वस्तू घेण्यासही येत नाही.

कायद्याचेही काही दंडक आहेत. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ अन्वये पाकीटबंद वस्तूंवर निव्वळ वजन वा माप, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि उत्पादकाचे अथवा आवेष्टन करणाऱ्याचे नाव व पत्ता इत्यादी तपशील छापावे लागतात. खाद्यपदार्थ बनविणाऱ्यांना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. बचत गटांच्या काही भगिनींना हे ओझे वाटते. वस्तुतः हा मजकूर आपला मित्र आहे. कोणी केले, कधी केले, केवढ्याला आहे, हे ज्या पाकिटावर स्वच्छ लिहिलेले असते, त्यावर अनोळखी माणूसही विश्वास ठेवतो. म्हणून पाकिटे फळीवर लावताना मजकुराची बाजू पुढे असावी. फळीच्या कडेला मोठ्या देवनागरी अंकांत भाव लिहावा. ज्यांना चष्म्यावाचून दिसत नाही, त्यांनाही तो वाचता यावा.

पुन्हा त्या केंद्राकडे

आता आरंभीची हकीगत पुरी करतो. त्या भगिनींनी एका दुपारी टेबल दारासमोरून उचलून बाजूच्या भिंतीशी नेले. कपाटाचे कुलूप काढले. विटांवर फळ्या टाकून तीन पायऱ्यांची मांडणी केली. दारात दोरी बांधून तीवर एक गोधडी उलगडून टाकली. तिचे लाल-पिवळे तुकडे स्थानकापासून दिसू लागले. मसाल्याची लहान पाकिटे एका सुपात ठेवली आणि एका वाटीत मसाला उघडा ठेवला, वासासाठी. गटातील एका भगिनीची मुलगी शाळेत जात असे. तिने पुठ्ठ्यांवर सुवाच्य अक्षरांत भाव लिहिले आणि नाचणीच्या सत्त्वापुढे ते कसे शिजवावे हेही लिहिले. दारावरच्या पाटीखाली दुसरी पाटी लागली : ‘पापड, मसाला, लोणचे, गोधड्या येथे मिळतील.’ या सगळ्याला खर्च आला तो दोरी, पुठ्ठे आणि रंग यांचा.

चमत्कार झाला नाही. चमत्काराचे आश्वासन मी कोणाला देत नाही. मसाला आणि पापड हलू लागले. एस. टी.ची वाट पाहणारी माणसे गोधडी पाहून आत येत आणि मसाला घेऊन बाहेर पडत. सत्त्व हळूहळू जाऊ लागले. लोणचे मात्र जागेवरच राहिले. किलोची काचेची बरणी घेऊन प्रवासाला कोण निघणार? मांडणीने तेवढे एक सत्य उघड केले. गटाने मग लोणचे लहान डब्यांत भरण्यास सुरुवात केली. म्हणजे मांडणी केवळ माल विकत नाही, काय करावे आणि काय करू नये हेही ती सांगते. माल कपाटात कुलपाखाली होता, तोवर सगळेच पडून राहत असे आणि दोष कोणाचा ते कळत नसे.

बँकेचा हप्ता मजुरीतून भरण्याची पाळी त्या भगिनींवर पुढे आली नाही. केंद्र बंद करण्याचा विषयही सभेपुढे आला नाही. मला या दोन गोष्टींचे समाधान कोणत्याही मानपत्राहून अधिक आहे.

भगिनींनो आणि बंधूंनो, उद्या आपण आपापल्या गावी परत जाल. माझी एकच विनंती आहे. दुकान उघडण्यापूर्वी एकदा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. आपण विक्रेते आहोत हे घटकाभर विसरा. पिशवीत मोजके पैसे असलेली, घाईत असलेली, थोडीशी बुजलेली एक बाई आपल्या दाराकडे पाहत आहे, अशी कल्पना करा. तिला काय दिसते? केवढ्याला आहे ते कळते काय? तिचा हात तेथवर पोचतो काय? या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी येईपर्यंत फळ्या हलवीत राहा. रात्री जागून पापड लाटणाऱ्या, मसाला कांडणाऱ्या हातांचे श्रम त्या फळीवरून ग्राहकाच्या पिशवीत जावयाचे असतात. एवढी शेवटची दोन हात वाट आपण मोकळी केली, तर त्यांच्या कष्टाचे चीज होईल.